शाळेतल्या उपचारताईंचे शिक्षण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे लग्न झाले आणि पाटी-पेन्सिल सुटली ती सुटलीच. चिटणीसबाईंनी विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "शाळेत आपल्या मुलांना उपचार द्यायला ज्या ताई येतात ना, त्यांच्या शिक्षणावर." त्या हसून म्हणाल्या, "अहो, त्या शिकूनच आलेल्या असतात. त्यांच्या शिक्षणाचे आपण काय बोलणार? त्यापेक्षा उपवासाच्या पदार्थांवर बोला." पण मी हट्ट धरला. कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती मी तुमच्यापाशी बोलणार नाही तर कोणापाशी बोलू?

माझा धाकटा मुलगा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. २०१३ साली तो आठव्या महिन्यातच जन्मला, आणि रडला तोही उशिराच. वर्षाचा झाला तरी बसेना, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी म्हणून सांगितले. म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होते आणि हातापायांच्या स्नायूंना हुकूम नीट पोचत नाहीत. त्याची बुद्धी चांगली आहे, पण पाय ताठ, टाचा उचललेल्या, आणि उजवा हात जरा हट्टी. सासूबाईंनी तेल लावून लावून हाताला घट्टे पाडून घेतले. नवस झाले, गंडेदोरे झाले. ते सारे सांगत बसत नाही, तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ते पाहिलेले आहे.

२०१९ च्या जूनमध्ये तो पहिलीत बसला. आपल्या साध्याच शाळेत, इतर मुलांबरोबर. २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत आणि अशा मुलांना सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. म्हणून कोणी 'नाही' म्हणाले नाही. त्याच वर्षी शाळेत एक फिजिओथेरपीच्या ताई येऊ लागल्या. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, बावीस-तेवीस वर्षांची पोर. पाचसहा शाळा फिरायच्या, आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा. त्या आल्या की मुलाला वर्गातून उचलून व्हरांड्यात आणीत, सतरंजीवर निजवीत आणि त्याचे पाय ताणून देत. मुलगा कळवळून रडे. वर्गात त्या वेळी मराठीचा तास चाललेला असे. मुळाक्षरे, बाराखडी, सगळे त्याने व्हरांड्यातून ऐकले. पण मी खूश होते बरे का. मला वाटे, जितके ताणतील तितके पाय लवकर सरळ होतील. मुलाचे रडणे म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण, असेच मी धरून चालले होते.

मधे करोनाची दोन वर्षे गेली. शाळा बंद. ताई मोबाइलवरून व्यायाम दाखवीत आणि मी घरी पाय ताणी. जून २०२२ मध्ये तो चौथीत गेला. त्या दिवाळीनंतर ताई चार दिवस पुण्याला गेल्या. कसले तरी प्रशिक्षण होते. शाळांमधून काम करणाऱ्या फिजिओथेरपीच्या आणि व्यवसायोपचाराच्या मंडळींसाठी.

'व्यवसायोपचार' हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, मुलाला काही धंदा शिकवणार असतील, टोपल्या विणणे किंवा खडू करणे. तसे नाही. माणसाचा रोजचा जो उद्योग असतो तो त्याला करता यावा म्हणून केलेला उपचार, असा त्याचा अर्थ. मोठ्या माणसाचा उद्योग नोकरी-संसार, आणि लहान मुलाचा उद्योग खेळणे, लिहिणे, डबा खाणे, चड्डीची गुंडी लावणे.

तर ताई पुण्याहून परत आल्या आणि त्यांचे सगळे वागणेच बदलले. सतरंजी आणली नाही. मुलाच्या पायाला हात लावला नाही. एक वही घेऊन त्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, ते शाळा सुटेपर्यंत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी खिडकीतून पाहात होते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मनात आले, चार दिवस पुण्याला हिंडून आली आणि आता नुसती बसून पगार खाते! त्यातून कळले की तीन महिन्यांनी याच प्रशिक्षणाचा दुसरा भाग आहे, पुन्हा चार दिवस रजा.

मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीवर होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका. कायद्याने हाती अधिकार दिला, पण तो वापरायचा कसा ते शिकवले नव्हते. मी अर्ज लिहिला. 'थेरपिस्ट काम न करता बसून राहतात, प्रशिक्षणाच्या नावाखाली रजा घेतात, मुलांचे नुकसान होते, तरी पुढील प्रशिक्षणास परवानगी देऊ नये.' खाली चौघींच्या सह्या. त्यांतल्या दोघी आज इथे बसलेल्या आहेत. नावे सांगत नाही. पहिली सही माझीच होती.

अर्ज दिला, आणि त्याच शनिवारी संध्याकाळी ताई आमच्या घरी आल्या. त्यांना अर्जाचे काही ठाऊक नव्हते. मी चहा टाकला, पण मनातून धास्तावलेच होते. त्यांनी विचारले, "काकू, हा शाळेत पाणी किती पितो?"

मी म्हटले, "बाटली भरून देते की. रोज रिकामी होऊन येते."

त्या मुलाकडे वळल्या. "बाटली कुठे रिकामी करतोस रे?"

मुलगा खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "फाटकापाशी. लिंबाच्या झाडाला."

भगिनींनो, चार वर्षे माझा मुलगा शाळेत पाण्याचा घोट घेत नव्हता. का? तर पाणी प्यायले की लघवीला जावे लागते, आणि मुतारीत धरायला काही नाही. खाली फरशी ओली, शेवाळलेली. पहिलीत असताना तो तिथे एकदा पडला होता, मुले हसली होती. तेव्हापासून त्याने हा उपाय काढला. सकाळी दहापासून पाचपर्यंत कोरडा. आई रागावेल म्हणून बाटली झाडाला ओतून घरी येई. त्याची पोटदुखी, खडा होणे, संध्याकाळची डोकेदुखी, यांसाठी मी किती औषधे केली होती! एकाही डॉक्टराने विचारले नाही, आणि मी आई असून मला सुचले नाही. ताईंना ते कळले ते त्या 'नुसत्या' दोन दिवस बसल्या म्हणून. दोन दिवसांत हा मुलगा एकदाही उठला नाही, एवढेच त्यांनी वहीत टिपले होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतले. बाहेर येऊन त्यांना म्हटले, "ताई, हे तुम्हांला पहिल्या वर्षी का नाही दिसले?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, मला तेव्हा शाळेत काय पाहायचे तेच ठाऊक नव्हते. आम्हांला इस्पितळात शिकवतात. तिथे खाट असते, पेशंट असतो, अर्धा तास असतो. शाळेत बाक असतो, तास असतो, बाई असतात, मुतारी असते. ते कोणी शिकवले नाही. ते मी आता शिकते आहे."

हे त्यांचे बोलणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, कौन्सिलात नाव नोंदवून आलेली मुलगी असे म्हणते! पण पाहा ना, आपण माहेरी सगळा स्वयंपाक शिकून येतो, आणि सासरी पहिल्याच दिवशी चूल वेगळी, माणसे वेगळी, तिखटमीठ वेगळे. तशातलेच हे.

पुढे जे झाले ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला उपयोगी पडेल.

प्रथम मुतारी. ताईंनी मुलाला उभे करून, त्याचा हात कुठे सहज टेकतो ते टेपने मोजले. त्या मापाने भिंतीत लोखंडी नळीची दांडी बसवली. खालची फरशी घासून खरखरीत सिमेंट करून घेतले. वेल्डरचे आणि गवंड्याचे मिळून ७५० रुपये झाले, ते आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाच्या शिलकीतून दिले हे खजिनदारबाईंना आठवत असेल. मग ताईंनी त्याला वर्गातून मुतारीपर्यंत जाणे, दांडी धरणे, चड्डी सावरणे आणि परत येणे, हे रोज मधल्या सुटीत करायला लावले. त्याच्या पायांचा व्यायाम तो हाच. पहिल्या दिवशी पोचायला सुटीच संपली. महिन्याभराने तो जाऊन येऊन गोट्यांचा डाव पाहायला उभा राहू लागला.

मग बाक. बाकावर बसले की त्याचे पाय लोंबकळत. पाय लोंबकळले की कंबर घसरते, कंबर घसरली की एक हात बाक धरून ठेवण्यात गुंततो, मग लिहिणार कोण? ही गोष्ट पुण्याच्या प्रशिक्षणात एका वयस्क व्यवसायोपचाराच्या बाईंनी दाखवली होती. ताईंनी बाकाचा फोटो काढून त्यांना पाठवला, आणि उत्तर आले, पायांखाली पाट द्या. आमच्या घरचा जुना जेवणाचा पाट सुताराने बाकाच्या पायांना ठोकला. बसायला रबरी चटईचा तुकडा, म्हणजे घसरायला नको. वहीखाली जुनी जाड फाइल तिरकी ठेवली. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. जो मुलगा दोन ओळींत दमे, तो त्या वर्षी अर्धे पान लिहू लागला. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, पण वाचता येते.

पाय ताणणे बंद केल्यावर सासूबाईंनी मोठा गहजब केला. खरे सांगायचे तर मलाही भीती वाटत होती. ताईंनी समजावून सांगितले की ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१३ साली या आजारावरच्या उपचारांची जगभरची संशोधने तपासली आणि रस्त्यावरच्या सिग्नलसारखे हिरवे, पिवळे, लाल असे रंग दिले. मूल जे काम करू पाहते तेच काम, जिथे करायचे तिथेच, पुन्हा पुन्हा करून घेणे, याला हिरवा रंग मिळाला. नुसते हातांनी ताणून देण्याला हिरवा मिळाला नाही. मात्र पायाचे स्प्लिंट ताईंनी सोडू दिले नाही, आणि दर सहा महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे दाखवण्याचेही नाही. तेव्हा माझे ऐकून कोणी आपल्या मुलाचे उपचार मनानेच बंद करू नका, एवढे हात जोडून सांगते. आपापल्या थेरपिस्टला विचारा.

आता माझ्या अर्जाकडे येते. मला वाटले होते, मी हेडमास्तरांना सांगेन, कागद फाडून टाकतील, झाले. मी गेले तेव्हा ते म्हणाले, "बाई, तो कधीच पुढे गेला." वरच्या कचेरीने तो अर्ज धरून ताईंना दुसऱ्या भागासाठी पगारी रजा नाकारली. ताई कराराच्या नोकरीतल्या. त्या स्वतःच्या खर्चाने गेल्या, चार दिवसांचा पगारही कापला गेला. हे मला त्यांनी कधी सांगितले नाही. हेडमास्तरांकडून कळले. मी दुसरा अर्ज लिहिला, त्यात पहिला चुकीचा होता असे स्वच्छ लिहिले आणि चौघींच्या सह्या पुन्हा घेतल्या. पण पहिला कागद फाइलीतून निघत नाही. दोन्ही तिथेच आहेत, आणि कापलेला पगार काही परत आला नाही. मी पैसे घेऊन त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "काकू, त्यापेक्षा आमच्या पुढच्या वर्गाला या आणि हीच गोष्ट सांगा."

म्हणून २०२३ साली मी पुण्याला गेले, थेरपिस्ट मंडळींना शिकवायला! हे ऐकून घरात सगळे हसले. आमचे हे म्हणाले, "सातवी पास प्राध्यापक." मी हिरवे काठाचे लुगडे नेसून गेले होते आणि पाय लटपटत होते.

तिथे मी जे पाहिले ते मोठे गमतीचे होते. वीस-पंचवीस थेरपिस्ट, मुलगे आणि मुली, पहिलीच्या मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेल्या. एकीचे पाय ओढणीने बांधले आणि सांगितले, जा, पाणी भरून आण. दुसऱ्याला हातात लोकरीचे जाड मोजे घालून शुद्धलेखन लिहायला लावले, आणि वर घाई करणारी बाई होती ती वेगळीच. एका मुलाला घाम फुटला. मग शाळेतल्या एक शिक्षिका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहून देता ते कागद आम्हांला समजत नाहीत. इंग्रजीतले लांबलचक शब्द. मला एवढेच सांगा, उद्या सकाळी मी वर्गात काय करू?" लगेच सगळ्यांना आपापले जुने कागद सोप्या मराठीत पुन्हा लिहायला बसवले. चार ओळींत. ते पाहून मला फार बरे वाटले.

त्या वयस्क बाईंनी जेवताना मला जुन्या गोष्टी सांगितल्या. मुंबईच्या फातिमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला. मद्रासला नेऊन तिच्यावर उपचार केले, आणि मग इतरांच्या मुलांसाठी त्यांनी १९४७ साली मुंबईत दवाखाना उघडला. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने आपल्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली के. ई. एम. इस्पितळात व्यवसायोपचाराची शाळा काढली. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा त्यांच्याच नावाची. मिठू अलूर यांनी मुलीसाठी धडपडून १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. "यांतल्या दोघी तर आयाच," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही इथे परक्या नाही." मग मला बोलता आले.

मी तिथे झाडाची आणि बाटलीची गोष्ट सांगितली. अर्जाचीही सांगितली. एक मुलगी म्हणाली, "काकू, आमच्या शाळेत असाच अर्ज झाला आहे. मी आता वर्गात बसायचे सोडले आणि पुन्हा सतरंजी घातली." तिला मी म्हटले, बसण्याआधी आईला बोलावून शेजारी बसव. मला कोणी बोलावले असते तर मी अर्ज लिहिला नसता. हे त्या बाईंनी फळ्यावर लिहून घेतले, आणि तेव्हापासून आमच्या ताई पहिल्या दिवशी आईला बरोबर बसवतात.

मला तिथली आणखी एक गोष्ट पटली. चार दिवस ऐकवून मोकळे सोडत नाहीत. पुढे सहा महिने जुनी थेरपिस्ट नव्या थेरपिस्टच्या शाळेत एकदोनदा येऊन जाते, तिचे काम पाहते, फोनवर बोलते. पुरणपोळी काही वहीत लिहून येत नाही. सासूबाई शेजारी उभ्या राहून 'पुरण सैल झाले, थांब' म्हणतात तेव्हा येते. आमच्या शाळेत त्या वयस्क बाई आल्या होत्या. ताई मुलाला जिन्यावर हाताला धरून चढवीत होत्या. बाई म्हणाल्या, "तू त्याच्या पुढे का उभी? मागे, एक पायरी खाली उभी राहा आणि हात सोड." ताईंचा चेहरा उतरला, पण हात सोडला. मुलगा कठडा धरून पाच पायऱ्या चढला. सहावीला दमून बसला, आणि तिथून ओरडला, "आई, मी वर आहे!"

यंदा तो सातवीत आहे. म्हणजे मी जिथे थांबले तिथवर आला. त्याला लांब चालवत नाही, चालवणारही नाही कदाचित. मोठ्या अंतराला चाकाची खुर्ची घेतो. ताईंनी हेही मला सरळ सांगितले आणि मी ते ऐकून घेतले. पाट आता त्याला लहान होतो. तो पहिलीतल्या एका मुलीच्या बाकाला लावला आहे.

आता मंडळाकडे माझे मागणे. पुढच्या महिन्यात त्या प्रशिक्षणाचे दोन दिवस पहिल्यांदाच आपल्या गावात, आपल्या शाळेत होणार आहेत. बाहेरगावच्या बारा थेरपिस्ट मुली येतील. प्रवासखर्च पुष्कळ जणींना स्वतःच करावा लागतो, निदान मुक्कामाचा तरी पडू नये. चौघींना मी माझ्या घरी ठेवते. राहिल्या आठ. ज्यांच्याकडे दोघींची सोय होईल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंपाशी नाव द्यावे. अंथरूण-पांघरूण आणि सकाळचा चहा, एवढेच हवे. दुपारचे जेवण समितीकडे आहे. आणि दोन घरांतून जुने पाट मिळाले तर तेही पाहिजेत, वर्गात दाखवायला.